मावशीची चाळीस मिनिटं

आमच्या इमारतीत माझ्या मावशीबद्दल एक अफवा आहे आणि ती मजल्यागणिक वाढत जाते. तळमजल्यावर ती अगदी साधी असते: "तिने म्हणे एकदा कुठल्याशा परीक्षेचं इंटरनेट बंद पाडलं." दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत परीक्षेला बसलेली मुलं आठशे होतात आणि त्यातल्या दोघी चक्कर येऊन पडतात. चौथ्या मजल्यावरच्या काकू कुठलीही बातमी सांगण्याआधी दार लोटून घेतात आणि मग कुजबुजतात, पण अशा की जिन्यातल्या माणसालासुद्धा नीट ऐकू यावं. "कुणाला बोलू नकोस हं. हाकललं तिला! उभ्या उभ्या! वॉचमनने जेवणाचा डबा हातात दिला आणि फाटकापर्यंत सोडून आला."

आता खरं काय ते. मुलं सहाशे बारा होती. चक्कर कुणालाही आली नाही. आणि मावशीला कुणी हाकललं नाही. हाकललं असतं तर फार बरं झालं असतं, असं ती स्वतःच म्हणते.

तेव्हा ती एका परीक्षा केंद्राचं नेटवर्क सांभाळायची. परीक्षा टॅबवर होती, टॅब वायफायवर होते आणि वायफाय मावशीवर होतं. तिने तीन दिवस तो भला मोठा हॉल पायाखाली घातला. तळहातावर लॅपटॉप, दर दोन पावलांनी थांबायचं, सिग्नल मोजायचा, नकाशावर ठिपका टाकायचा. तीन दिवसांनी अख्खा नकाशा हिरवागार. परीक्षेच्या दिवशी सहाशे बारा मुलं येऊन बसली आणि दहाव्या मिनिटाला मधल्या रांगा मेल्या. मावशीने मोजमाप अगदी चोख केलं होतं, फक्त रिकाम्या हॉलचं केलं होतं. ही चूक करायला माणूस त्याच धंद्यातला लागतो, कारण बाकीच्यांना हॉल भरला काय आणि रिकामा काय, सारखाच. "माणूस म्हणजे पाण्याची पिशवी," ती अजून दर बॅचला पहिल्या दिवशी सांगते. "आणि वायफाय पाण्यात मरतं. मी सहाशे बारा पिशव्या विसरले."

परीक्षा पंधरा दिवसांनी पुन्हा झाली. कुणाचं नुकसान झालं नाही. साहेबांनी मावशीला बोलावलं, चहा मागवला आणि म्हणाले, "होतं हो असं कधीकधी." त्या 'होतं हो'ने तिच्या अंगाची जी लाही लाही झाली, ती अजून शमलेली नाही. ओरडले असते तर ओरडून उत्तर देता आलं असतं. मधल्या रांगेतली एक मुलगी, टॅब दोन्ही हातांनी डोक्यावर धरून, आत्ता येईल, मग येईल म्हणून वर बघत उभी होती. मावशीला तेवढीच दिसत राहिली. पुढच्या सोमवारी तिने राजीनामा दिला आणि शिकवायला लागली.

तेव्हापासून म्हणा किंवा जन्मापासून म्हणा (आजीचं मत दुसरं आहे), मावशीच्या पायाला भिंगरी आहे. ती बसत नाही. टेकते. तिने बसून पूर्ण प्यालेला चहा आमच्या घराण्यात कुणी पाहिलेला नाही. अर्धे कप वॉशिंग मशीनवर, खिडकीत, चपलांच्या कपाटावर सापडतात आणि आजी ते गोळा करत फिरते. "ही आली होती वाटतं," एवढंच म्हणते. कुणाच्या मोबाइलवर ते लोड होण्याचं गोल चक्र फिरायला लागलं की मावशीचे हात शिवशिवतात. बोलताना दुसऱ्याचं वाक्य तीच पुरं करते. मामा एकदा म्हणाला, "अगं, मी काय म्हणत होतो—" आणि मावशी म्हणाली, "हं हं हं, कळलं, नको घेऊस, पुढे?" मामा तिथेच थिजला. तिला कसं कळलं हे त्याला आजतागायत कळलेलं नाही. त्याने तो फ्रीजर काही घेतला नाही.

तिचा वर्ग टायरच्या दुकानाच्या वर आहे. जिना चढताना रबराचा वास येतो आणि वर गेलं की गरम झालेल्या मशीनींचा. तिथे हॉस्पिटलांतले, हॉटेलांतले, कारखान्यांतले लोक येतात. कालपर्यंत प्रिंटरची शाई बदलायची आणि लोकांचे विसरलेले पासवर्ड नवे करून द्यायचे, एवढंच ज्यांचं काम होतं आणि एके दिवशी साहेबाने सांगितलं, "आजपासून इमारतीचं नेटवर्क तुमच्याकडे." घाबरलेल्या चेहऱ्याने येतात. मावशी त्यांना तारांचंही शिकवते आणि हवेतलंही. आठवडाभरात वर्गाचे दोन पक्ष पडतात. तारवाले म्हणतात, "वायफाय म्हणजे बिनबुडाचा कारभार, दिसत नाही ते शोधायचं कसं?" हवावाले म्हणतात, "तुम्ही टेबलाखालीच म्हातारे होणार." मावशी दोघांनाही सारखीच झापते. "वरची ताटली खालच्या तारेवर जगते, कळलं का? भांडा, पण जेवायला एकत्र बसा."

ताटली म्हणजे वायफाय ज्यातून येतं ती छतावरची पांढरी गोल वस्तू. पुस्तकात तिला लांबलचक नाव आहे. वर्गात सगळे ताटलीच म्हणतात.

आणि सहाशे बारा पिशव्यांपासून मावशीने एक रिवाज पाडला. हवेचं प्रात्यक्षिक रिकाम्या हॉलमध्ये घ्यायचं नाही. हॉल भरायचा. कशाने? आमच्याने. परीक्षेच्या दिवशी अख्खं घराणं, शेजारपाजार आणि टायरवाल्याची दोन माणसं मोबाइल घेऊन तिथे जाऊन बसतात. आमचं काम फक्त असणं. आजी याला 'पिशवी म्हणून जाणं' म्हणते. "आज मला नाही वेळ, आज मी पिशवी आहे," असं तिने एकदा दातांच्या डॉक्टरांना फोनवर सांगितलं होतं.

ही गोष्ट पक्कडरावांच्या परीक्षेची.

पक्कडराव हे नाव वर्गाने ठेवलं, कारण शर्टाच्या खिशात लोक पेन ठेवतात तिथे त्यांची पक्कड असते. वय चोपन्न. एका मोठ्या हॉस्पिटलात सव्वीस वर्षं. सुरुवातीला टेलिफोनच्या तारा, मग कॉम्प्युटरच्या. केबलचं टोक सोलून, आठ रंगीत तारा ओळीत लावून, कनेक्टरमध्ये सारून खट करून दाबायला त्यांना अर्धं मिनिट लागतं, आणि तेही बोलत बोलत. बोलणं मात्र एकेका शब्दाला टेकत टेकत. "मॅडम... तार... खोटं... बोलत नाही." मावशीसारख्या बाईला असा विद्यार्थी म्हणजे शिक्षाच. त्यांचं एक वाक्य होईपर्यंत ती तिन्ही खिडक्या उघडून पुन्हा लावून यायची.

हॉस्पिटलाने फर्मान काढलं होतं. नेटवर्कवर ज्याला राहायचं त्याच्याकडे महिनाअखेरपर्यंत दोन्ही प्रमाणपत्रांचे कागद हवेत, तारेचा आणि हवेचा. नसेल त्याने फाटकावर बसायचं, भेटायला येणाऱ्यांचे पास फाडायला. पक्कडरावांनी तारेचा कागद पहिल्याच फटक्यात घेतला. हवेत दोनदा नापास झाले. तीनच संधी असतात.

दोन्ही वेळा चूक एकच. तक्रार आली की सिग्नल कमी, की ते ताटलीची ताकद वाढवायचे. एक वाढवली की शेजारची, मग तिसरी. शेवटी छतावर सगळ्या ताटल्या एकमेकींवर ओरडत असायच्या आणि खाली कुणाचंच काही चालत नसायचं. मावशीने समजावलं नाही असं नाही.

"अहो पक्कडराव, पोलिसाच्या भोंग्यावरून कुणी बोललं तर तुम्हाला ऐकू येतं की नाही?"

"येतं."

"आणि तुम्ही इथून कुजबुजून उत्तर दिलंत तर भोंगेवाल्याला ऐकू जातं का?"

"नाही... जात."

"मग भोंगा मोठा करून काय होणार? मोबाइल म्हणजे कुजबुजणारा माणूस! ताटलीने त्याच्याइतकंच हळू बोलायचं, म्हणजे जी जवळ आहे तिच्याशीच तो बोलेल. कळलं?"

"कळलं... मॅडम." आणि हात ताकद वाढवायला.

"डोक्यात शिरतं हो त्यांच्या," मावशी घरी येऊन फेऱ्या मारत सांगायची, एक कप टीव्हीवर, एक जिन्यात. "हातात उतरत नाही. सव्वीस वर्षांचे हात आहेत. लाइन क्षीण झाली की जोर वाढव. त्या हातांना मी काय सांगू?" मग थांबून, "त्यांना फाटकावर बसवणार गं. पक्कड खिशात घालून पास फाडतील."

आजीने विचारलं, "तू का एवढी कासावीस? तू शिकवलंस, झालं."

"झालं काय झालं! 'होतं हो असं' म्हणू त्यांना? चहा पाजू?"

आजी जिन्यातला कप आणायला उठली. आमच्या घरात त्या चहाचं नाव निघालं की प्रत्येकाला काहीतरी काम आठवतं.

तिसऱ्या परीक्षेचा नियम तिला सगळ्यात जास्त छळणारा होता. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेकडून परीक्षक बाई येणार. त्या सकाळी एक बंद पाकीट देणार, त्यात लिहिलेला बिघाड मावशीने स्वतःच्या हाताने करून ठेवायचा. मग तिने हॉलमध्येच मागे खुर्चीवर बसायचं, कारण मशीनी तिच्या. पण चाळीस मिनिटं अवाक्षर नाही, खूण नाही, उठणं नाही. एक शब्द निघाला तर परीक्षार्थी बाद. म्हणजे उत्तर माहीत असलेली एकुलती एक बाई आणि तिच्या तोंडाला कुलूप.

जिना चढताना मी म्हटलं, "मावशी, तुला नाही जमायचं. चाळीस मिनिटं? तू चार मिनिटं बसून दाखव."

"पैज?"

"पैज! तू हरलीस तर पुढच्या बॅचसमोर मी तुझी नक्कल करणार आणि तू समोर बसून बघणार. पूर्ण."

"आणि तू हरलीस तर नवीन बॅचसाठी पन्नास केबली तयार करून द्यायच्या. हाताने. पक्कडरावांची पक्कड मी मागून देते."

"चालेल," मी म्हटलं. मला त्या चार मिनिटांचीसुद्धा खात्री नव्हती.

दुपारी तीनला हॉल भरला. बेचाळीस माणसं, एक्कावन्न मोबाइल. सगळे एकाच दारातून आत आले, आत येता येताच वायफायला जोडले गेले आणि मग आपापल्या जागी जाऊन बसले. आजीला मागच्या डाव्या कोपऱ्यात जागा मिळाली, भिंतीला टेकता येतं म्हणून. तिने बसल्या बसल्या तिच्या बहिणीला व्हिडिओ कॉल लावला. पिशवी म्हणून आलं की ती हेच करते. बहीण दूर राहते आणि इथलं इंटरनेट फुकट.

परीक्षक बाईंनी कडक इस्त्रीच्या आवाजात नियम वाचून दाखवले. पक्कडरावांच्या हातात तक्रारीचं कार्ड दिलं: मागच्या डाव्या कोपऱ्यात सिग्नल पुरेसा दिसतो, पण काम होत नाही. हॉल रिकामा असताना तक्रार नसते. घड्याळ लावलं. मावशी मागच्या लोखंडी घडीच्या खुर्चीत बसली आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून घेतले.

बिघाड तिला पाठ होता. दारावरच्या ताटलीची ताकद पूर्ण वाढवलेली. एवढंच. सगळे दारातून आले, बहुतेकांचे मोबाइल तिलाच चिकटले आणि ती लांबपर्यंत खणखणीत ऐकू येत असल्यामुळे मागे गेल्यावरही तिला सोडायला तयार नव्हते. डोक्यावरची ताटली रिकामी आणि जीव दाराशी. मधे चाळीस पाण्याच्या पिशव्या. दारावरची ओरडते ते कोपऱ्याला ऐकू येतं. कोपऱ्यातला मोबाइल कुजबुजतो ते पिशव्यांमध्येच विरतं. तिची ताकद कमी करा, की मोबाइल तिला सोडून जवळची धरतील. एक वाक्य. चार सेकंदांचं. ते तिच्या जिभेच्या टोकावर येऊन बसलं आणि हलेना.

पाचवं मिनिट. पक्कडराव आधी स्विचपाशी गेले. जिथे तारा एकवटतात तिथे. प्रत्येक केबल हलवून बघितली. मावशी मनात म्हणाली, अहो, तार नाही हो, वर, वर. तिची मान एक बोटभर वर झाली. परीक्षक बाईंनी तिच्याकडे बघितलं. मान खाली.

नववं मिनिट. पक्कडराव लॅपटॉप घेऊन मागच्या कोपऱ्याकडे निघाले, एकेक पाऊल, लग्नात वरात चालते तसे. मावशीचा उजवा पाय खाली ठोके द्यायला लागला. तिने डाव्या पायाने तो दाबून धरला. मग डावा सुरू झाला.

चौदावं. त्यांनी कोपऱ्यात सिग्नल मोजला. चांगला होता. पुन्हा मोजला. पुन्हा चांगला. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. मामा माझ्या कानात म्हणाला, "फाटकावर निदान खुर्ची तरी मिळेल त्यांना." मी त्याला कोपर मारलं. मावशीला ते ऐकू गेलं असावं, कारण तिने डोळे मिटून घेतले.

विसावं मिनिट. पक्कडराव टेबलाशी परत आले, ताटल्यांची यादी उघडली. डाव्या कोपऱ्यातली ताटली निवडली. तिच्यापुढे ताकदीचा आकडा होता. बोट वाढवायच्या बाणावर गेलं.

लोखंडी खुर्ची करकरली.

सगळ्या हॉलने मागे बघितलं. मावशी अर्धी पुढे झुकली होती, तोंड उघडं. मी मनात टाळी वाजवली. परीक्षक बाईंचं पेन कागदावर टेकलं. मावशीने ते उघडं तोंड तसंच ठेवून एक लांबलचक जांभई दिली, इतकी खोटी जांभई मी नाटकातसुद्धा पाहिलेली नाही, आणि मागे टेकली. परीक्षक बाईंनी पेन उचललं.

पण बोट बाणावरच होतं. आणि तेवढ्यात मागच्या कोपऱ्यातून आजी ओरडली. परीक्षेबिरीक्षेचं तिला काही नव्हतं, ती बहिणीवर ओरडत होती.

"अगं, ऐकतेयस का? हॅलो! काय बाई हे! मला तिचं सगळं ऐकू येतंय, तिला माझं अक्षर जात नाही. हॅलो! हॅलोऽऽ!"

परीक्षक बाई म्हणाल्या, "आजी, शांतता."

"मी शांतच आहे," आजी ओरडली, "तिलाच ऐकू येत नाही!"

पक्कडरावांचं बोट बाणावरून निघालं. ते उठले. आजीपाशी गेले आणि तिच्या खुर्चीशेजारी उकिडवे बसले, जसे टेबलाखालच्या तारांशी बसतात.

"आजी... नेमकं... काय होतंय?"

"मला ऐकू येतं, तिला जात नाही."

"तुमच्याकडून... तिकडे... जात नाही. तिकडून... येतं."

"तेच तर मघापासून घसा फोडून सांगतेय!"

"ओरडू नका," पक्कडराव म्हणाले, आणि हे वाक्य त्यांनी चक्क एका दमात म्हटलं. "टेलिफोन होते तेव्हा लोक असेच ओरडायचे. एक तार गेली की असंच. येतं, जात नाही. ओरडून ते जात नसतं."

पंचविसावं मिनिट. पक्कडरावांनी आजीचा मोबाइल हातात घेतला, तो कुठल्या ताटलीला जोडलाय ते शोधलं. दारावरच्या. त्यांनी डोकं वर करून बघितलं. आजीच्या बरोबर टाळक्यावर दुसरी ताटली होती, पांढरी, गोल, बेकार बसलेली. त्यांनी शेजारच्याचा मोबाइल बघितला. दारावरचीच. मामाचा. दारावरचीच. मग ते टेबलाशी आले, यादी वाचली, ओठ हलवत मोजली. दारावर सदतीस. आजीच्या डोक्यावर दोन.

आता बोट पुन्हा बाणावर गेलं. दुसऱ्या बाणावर. कमी करायच्या.

एकतीस मिनिटं झाली होती. त्यांनी दारावरच्या ताटलीची ताकद उतरवली. आणि काही झालं नाही.

ही खरी छळवादाची जागा. मोबाइल लगेच हलत नाहीत, त्यांना जुनं घर सुटत नाही. मावशीला ते माहीत होतं. पक्कडरावांना पुस्तकातून माहीत होतं. पण पुस्तक एकीकडे आणि फाटक दुसरीकडे. बत्तीस. तेहेतीस. दारावर अजून पस्तीस. त्यांचं बोट परत वाढवायच्या बाणाकडे सरकलं, थांबलं, सरकलं. मावशीने मांडीखालचे हात इतके दाबले होते की बोटं पांढरी पडली. थांबा. थांबा हो. काही करू नका. आयुष्यात पहिल्यांदा ती कुणाला तरी काही न करण्याची विनवणी करत होती, तीही मनातल्या मनात.

पक्कडरावांनी हात उचलला. खिशातली पक्कड काढली आणि दोन्ही हातांनी ती धरून बसले. हातांना काहीतरी काम दिलं.

चौतीस. दारावर एकोणतीस. आजीच्या डोक्यावर आठ.

पस्तीस. बावीस आणि चौदा. मामाच्या मोबाइलवर अडकलेली फुटबॉलची मॅच एकदम धावायला लागली आणि तो "गोल!" म्हणाला. परीक्षक बाईंनी त्यालाही शांत केलं.

आणि मागून, मोबाइलच्या स्पीकरवर, आजीच्या बहिणीचा आवाज आला, खणखणीत आणि वैतागलेला: "अगं किती किंचाळतेस! ऐकू येतंय मला! बहिरी आहे का मी?"

हॉल हसला. पक्कडराव हसले नाहीत. ते उठून कोपऱ्यात गेले, परत मोजलं, सगळ्या कोपऱ्यांत मोजलं, भरल्या हॉलमध्ये, माणसांच्या मधून वाट काढत, "जरा... पाय घ्या," म्हणत. अडतिसाव्या मिनिटाला कार्डावर काय केलं ते लिहिलं, सही केली आणि परीक्षक बाईंच्या पुढे ठेवलं. त्यांनी वाचलं. "उत्तीर्ण" हा शब्द त्या इस्त्रीच्या आवाजातसुद्धा बरा वाटला.

मावशी उठली नाही. घड्याळात दोन मिनिटं उरली होती आणि ती तिथेच बसून राहिली, हात मांड्यांखाली. चाळीस मिनिटं झाली आणि घड्याळ वाजलं तशी ती खुर्ची मागे ढकलून अशी उठली की खुर्ची उलटली. पक्कडरावांपाशी गेली आणि तिला एकदम काही बोलताच येईना. चाळीस मिनिटं साठलेलं सगळं एकदम दारात अडकलं होतं.

"मॅडम," पक्कडराव म्हणाले, "मघाशी... तुम्हाला... जांभई आली होती. झोप... झाली नाही का?"

"नाही," मावशी म्हणाली. "नाही झाली."

पक्कडरावांनी चहा मागवला. तिने तो उभ्याउभ्या घेतला, पण संपवला. आजीने रिकाम्या कपात वाकून बघितलं आणि माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या.

मी अर्थातच वाद घातला. खुर्ची करकरली होती, ती उठली होती, अर्धं उठणं म्हणजे उठणंच. मावशी म्हणाली, बूड टेकलेलं होतं. मी म्हटलं, नव्हतं. शेवटी परीक्षक बाईंनाच विचारलं, त्या जिना उतरत होत्या. त्या थांबल्या, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "उठल्या नव्हत्या. मी त्यांच्याकडेच बघत होते. परीक्षार्थीकडे कोण बघतं?"

तर आता मी टायरच्या दुकानाच्या वर बसलेय. पक्कडरावांची पक्कड उसनी आहे, संध्याकाळी परत करायची, कारण उद्या त्यांना कामावर लागते. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी, सारायचं, खट. अंगठ्याला फोड आलाय. मावशी येरझाऱ्या घालतेय आणि दर फेरीला डोकावते. पन्नासावं टोक झालं तेव्हा मी पक्कड खाली ठेवली आणि म्हटलं, "झाली बाई पन्नास."

"पन्नास केबली म्हणाले होते मी," मावशी खिडकी उघडत म्हणाली. "केबलला टोकं किती असतात?"